आधी डिबगर, मग जर्नल

साहित्य मंडळाच्या ई-अंकात कथा-कवितांच्या पंगतीला डिबगर येऊन बसलेला बघून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पडू दे. आपल्या मंडळातले बरेच सभासद बी.सी.ए. आणि बी.एस्सी. कॉम्प्युटरचे आहेत. दुपारी काव्यवाचनाला टाळ्या देणारी हीच मंडळी संध्याकाळी लॅबमध्ये डोक्याला हात लावून बसलेली असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठीही. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात, पहिला प्रोग्रॅम लिहायच्याही आधी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या एडिटरमध्ये डिबगर बसवून द्यायला हवा. जर्नल, फ्लोचार्ट, व्हायव्हाचे पाठ केलेले प्रश्न हे सगळं त्यानंतर.

ज्यांना हा शब्दच नवा आहे त्यांना आपल्या घरातलं उदाहरण देते. अंक निघायच्या आधी आपण मुद्रितं तपासतो. लेखकाला शक्यतो स्वतःच्या लेखाची मुद्रितं तपासायला देत नाहीत. कारण लेखक समोर लिहिलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो. ‘दिन’च्या जागी ‘दीन’ पडलं असलं तरी त्याच्या डोळ्यांना ‘दिन’च दिसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं अगदी असंच होतं. लूप दहा वेळा फिरणार असं त्याने मनात धरलेलं असतं. स्क्रीनवर अकरा वेळा फिरणारी ओळ समोर असते आणि तो ती दहादा वाचून ‘बरोबर आहे की’ म्हणतो.

डिबगर हा असा मुद्रितशोधक, ज्याला तुमच्या मनातलं काहीच ठाऊक नाही. तुम्ही सांगाल त्या ओळीवर तो चालता प्रोग्रॅम थांबवतो. मग तुम्ही म्हणाल तसा एकेक ओळ पुढे नेतो आणि त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बाजूच्या चौकटीत मांडून दाखवतो. चूक तो काढत नाही. चूक बघायला तुम्हाला भाग पाडतो.

आता आपल्याकडे काय चालतं ते बघू. गेली दोन वर्षं मी संध्याकाळच्या वेळी लॅबमध्ये ज्युनियरना मदत करत आलेय. ‘अक्का, आउटपुट चुकतंय’ अशी हाक आली की मी जाते. प्रोग्रॅम कम्पाइल झालेला असतो, लाल रेघ कुठेही नसते, फक्त उत्तर चुकीचं येत असतं. ‘मग काय करून बघितलंस?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली: ‘लेस दॅनच्या जागी लेस दॅन इक्वल टू घातलं.’ ‘आय शून्याच्या जागी एकपासून सुरू केला.’ ‘शेजारच्याचा प्रोग्रॅम चालतोय, तोच घेऊ का?’ हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागतो. तिथे एक हुशार पोरगं शिकणं सोडून उतरवून घेण्याकडे वळत असतं. ते आळशी आहे म्हणून तसं होत नाही. मशीनच्या पोटात काय चाललंय ते बघायची खिडकीच त्याला कुणी दाखवलेली नाही. अंधारात चाचपडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

खिडकी उघडली की काय फरक पडतो त्याचं एक छोटं उदाहरण घ्या. एक ते पंधरापर्यंतच्या आकड्यांचे फॅक्टोरियल छापायचे. सी भाषेत उत्तर ‘इंट’मध्ये ठेवलं, तर हल्लीच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर बारापर्यंत सगळं ठीक चालतं. बाराचा फॅक्टोरियल ४७,९०,०१,६००. तेराचा यायला हवा ६,२२,७०,२०,८००, पण छापून येतो १,९३,२०,५३,५०४. उणे आकडा आला असता तर कुणालाही शंका आली असती. हा आकडा मात्र साळसूदपणे मोठा आणि अधिक आहे, म्हणून पुष्कळांना चूक झाली हेच कळत नाही. चौदाचा येतो १,२७,८९,४५,२८०, म्हणजे तेरापेक्षाही कमी. इथे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि मग लूपची मोडतोड सुरू होते.

डिबगर असेल तर गुणाकाराच्या ओळीवर एक लाल ठिपका द्यायचा. त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. प्रोग्रॅम दर फेरीला तिथे थांबेल. चौकटीत आय बारा असताना गुणाकार झाला की ४७,९०,०१,६०० दिसतं. एक पाऊल पुढे, आय तेरा. अजून एक पाऊल, आणि डोळ्यांसमोर १,९३,२०,५३,५०४ उमटतं. लूप बरोबर आहे, गुणाकाराची ओळ बरोबर आहे, तेरा वेळाच फिरलंय. मग उरलं काय? डबाच लहान पडला. त्या ‘इंट’मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतं, त्यापुढचं सांडतं. ‘ओव्हरफ्लो’ हा शब्द व्हायव्हासाठी पाठ करणं वेगळं आणि एफ१० दाबल्यावर डबा सांडताना बघणं वेगळं. बघितलेलं पोर तो शब्द विसरत नाही.

रिकर्शनचंही तसंच. फंक्शन स्वतःलाच हाक मारतं म्हटलं की निम्मा वर्ग गोंधळतो. डिबगरच्या ‘कॉल स्टॅक’ चौकटीत मात्र पाचाच्या वर चार, चाराच्या वर तीन अशा हाका एकावर एक रचलेल्या दिसतात, आणि मग वरून एकेक उतरत जातात. स्टॅकला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, उतरंड. आजीच्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड ज्याने बघितली आहे त्याला सगळ्यात खालचं मडकं शेवटी का निघतं हे समजावून सांगावं लागत नाही.

चुका शोधणं हे कमअस्सल माणसाचं काम, असाही एक समज आपल्याकडे आहे. ‘हुशार पोरांचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालतो.’ हा समज खोटा आहे. १९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हे यंत्र चालू झालं. ते उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना जिन्यावरून ये-जा करताना एके दिवशी लख्ख कळलं. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये एडसॅकवरच्या चुका कशा शोधाव्यात यावर निबंधच लिहिला. पुस्तकांतून सांगितली जाणारी ती पतंगाची गोष्टही खरी आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. पण ‘बग’ हा शब्द तेव्हा जन्मला असं नाही. यंत्रातल्या दोषाला एडिसननेही १८७८ मधल्या एका पत्रात हाच शब्द वापरलाय. म्हणजे चुका यंत्राइतक्याच जुन्या, आणि त्या शोधायची हत्यारंही जवळजवळ तेवढीच जुनी. आपण मात्र ती पोरांच्या हातात देत नाही.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे कित्येक लॅबमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या टर्बो सी++च्या निळ्या पडद्यातसुद्धा डिबगर होता. एफ७ने आत शिरायचं, एफ८ने ओळ ओलांडायची, कंट्रोल आणि एफ७ने एखाद्या व्हेरिएबलवर नजर ठेवायची. कंट्रोल-एफ९ने प्रोग्रॅम ‘रन’ करायला शिकलेल्या किती जणांना ही बाकीची बटणं कुणी दाखवली? दार घरातच होतं, कडी कुणी काढली नाही.

आता मुद्दा ‘एडिटरमध्येच’ का, याचा. जीडीबी हा डिबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. तो टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून चालतो आणि उत्तम चालतो. पण नवशिक्याला तिथे एकाच वेळी दोन भाषा शिकाव्या लागतात, एक सी आणि दुसरी जीडीबीच्या आज्ञांची. शिवाय नजर सारखी आपल्या कोडवरून उठते. एडिटरमध्ये डिबगर जोडला की पिवळी पट्टी तुम्ही लिहिलेल्या ओळींवरूनच चालत जाते, लहानपणी बाई धड्यावरून बोट फिरवायच्या तशी. शिकणाऱ्याला त्या बोटाची गरज असते.

हे जोडकाम पूर्वी कटकटीचं होतं. पाच एडिटर आणि सहा भाषांचे डिबगर धरले तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा पूल, म्हणजे तीस पूल. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजे आपला व्हीएस कोड, आणला. त्याच्याबरोबर घडत गेलेल्या ‘डिबग अडॅप्टर प्रोटोकॉल’ने हा हिशेब बदलला. एडिटरने एकच ठरलेली बोली बोलायची, प्रत्येक डिबगरच्या दारात एक दुभाष्या ठेवायचा. तीस पुलांच्या जागी अकरा जणांनी ती बोली शिकली की काम झालं. बेळगावकरांना हे काय समजावून सांगायचं? खडेबाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे एकाच काट्यावर सौदा करतात. २०२३ मध्ये आलेल्या जीडीबीच्या चौदाव्या आवृत्तीला तर ती बोली स्वतःलाच येते. एडिटर फक्त दर्शनी भाग आहे, खरं काम मागे वेगळा प्रोग्रॅम करतो, एवढं डोक्यात बसलं की जुळवणीतली निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी भीती चार-पाच ठरलेल्या ठेचांची. मी आजवर ज्यांची जुळवणी करून दिली त्यांतले बहुतेक जण याच दगडांना अडखळले, म्हणून ते सांगून ठेवते.

पहिला दगड: कम्पाइलर असतो पण डिबगर नसतो. टर्मिनलमध्ये जीसीसी आणि जीडीबी दोघांनाही आवृत्ती विचारून बघा. एक जरी ‘सापडत नाही’ म्हणाला तर एडिटरला दोष देऊ नका. तो प्रोग्रॅम इन्स्टॉल झालेला नाही, किंवा विंडोजच्या ‘पाथ’मध्ये त्याचा पत्ता घातलेला नाही.

दुसरा दगड: कम्पाइल करताना ‘डॅश जी’ हा पर्याय दिलेला नसतो. तो दिला तरच कुठली यंत्राज्ञा तुमच्या कुठल्या ओळीतून आली याची नोंद फाइलमध्ये राहते. ती नसेल तर ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबतच नाही. याच्या जोडीला वेग वाढवणारे ‘ऑप्टिमायझेशन’चे पर्याय शिकताना बंद ठेवा, नाहीतर पिवळी पट्टी वेड्यासारखी उड्या मारते.

तिसरा दगड: व्हीएस कोडमध्ये नुसती फाइल उघडलेली असते. फोल्डर उघडा. डिबगर कसा सुरू करायचा हे सांगणारी ‘लाँच’ नावाची छोटी फाइल त्या फोल्डरच्या पोटात राहते. कुठला प्रोग्रॅम चालवायचा, कुठल्या फोल्डरमधून चालवायचा, कुठला डिबगर वापरायचा, एवढंच तिच्यात असतं. ती जादू नाही. अर्ज भरल्यासारखी वाचा, कळते. ‘माझी डेटा फाइल सापडत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा ‘कुठल्या फोल्डरमधून’ या रकान्यातच सुटते.

चौथा दगड खास आपल्या लोकांचा. मराठीवरच्या प्रेमापोटी फोल्डरला ‘अभ्यास’ असं देवनागरीत नाव दिलं की विंडोजवर जीडीबी अडखळू शकतो आणि न कळणारा संदेश टाकून बंद पडतो. नावात मोकळी जागा असली तरी कधीकधी तोच त्रास. प्रेम मनात ठेवा, फोल्डरचं नाव साध्या रोमन अक्षरांत, जोडून लिहा.

पाचवा: प्रोग्रॅम आकडा मागत असतो आणि आपण तो ‘डिबग कन्सोल’मध्ये टाइप करत बसतो. आकडा शेजारच्या ‘टर्मिनल’मध्ये द्यायचा.

हे पाच झाले की एफ९ने ठिपका, एफ५ने सुरुवात, एफ१०ने ओळ ओलांडणं, एफ११ने फंक्शनच्या आत शिरणं. चार बटणं. पायथनवाल्यांचं तर याहून सोपं. पायथनचं एक्स्टेंशन घातलं की डिबगर त्याच्याबरोबरच येतो. घरचा कॉम्प्युटर जुना असेल आणि व्हीएस कोड त्याला झेपत नसेल तरी रडायचं कारण नाही. विममध्ये २०१८ मधल्या ८.१ आवृत्तीपासून ‘टर्मडिबग’ सोबतच मिळतो, आणि इमॅक्समध्ये तर ही सोय कितीतरी आधीपासून आहे.

यावरचे आक्षेपही ऐकलेत. पहिला आक्षेप वजनदार आहे: प्रिंटएफ आहे की, डिबगर कशाला? ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक यांनी १९९९ मधल्या आपल्या पुस्तकात, आपण डिबगरचा उपयोग उतरंड किंवा एखाददुसऱ्या व्हेरिएबलची किंमत बघण्यापुरताच करतो, बाकी विचार आणि छापलेल्या ओळींवर भिस्त ठेवतो, असं सांगितलंय. लिनस टोरवाल्ड्सनी २००० साली लिनक्सच्या गाभ्यात डिबगर घ्यायला ठाम विरोध केला होता. पुढे २००८ मध्ये केजीडीबी त्याच गाभ्यात आला, ते सोडा. ही माणसं चुकीचं बोलत होती असं मला वाटत नाही. अनेक धागे एकदम चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थांबवून बघितलं की चूकच पळून जाते, तिथे छापलेल्या नोंदीच कामाला येतात. पण कर्निघनच्या डोक्यात मशीन आधीच चालू असतं. त्याला खिडकी लागत नाही, कारण तो त्या घरातच राहतो. आपल्या पहिल्या वर्षाच्या पोराने ते घर अजून बाहेरूनही नीट बघितलेलं नाही. मुरलेल्या गवयाला पेटीची साथ नको असेल, म्हणून नवशिक्याची पेटी काढून घेणं हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप नवा आहे: आता एआय प्रोग्रॅम लिहून देतंय, दुरुस्तही करून देतंय. देतंय खरं. पण दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या नावावर द्यायचा असेल तर तो आतून बघायची गरज वाढते की कमी होते? समजलेलं नसताना सही करायची सवय वाईट, मग ती जमिनीच्या कागदावर असो की प्रोग्रॅमवर.

तिसरा आक्षेप मंडळातल्याच काहींचा: यात मराठीचा काय संबंध? माझ्या मते सगळ्यात जवळचा संबंध इथेच आहे. आपल्याकडे मराठी शाळेतून आलेलं पोर पहिल्या वर्षी तिहेरी कात्रीत असतं. पुस्तक इंग्लिश, लेक्चर इंग्लिश, लॅबमध्ये शेजारी कन्नड. शंका मनात असते, पण ती विचारायला वाक्य जुळत नाही, म्हणून ते गप्प बसतं. गप्प बसलेल्याला आपण ‘वीक’ म्हणून मोकळे होतो. डिबगरपुढे वाक्य जुळवावं लागत नाही. आय किती, बेरीज किती, आकडे समोर. कुणापुढे मान खाली न घालता स्वतःची शंका स्वतः फेडता येते, रात्री दहाला घरी बसूनसुद्धा. त्या पोराला पहिल्यांदा ‘मला कळलं’ असं वाटतं. माझ्या दृष्टीने डिबगरची खरी किंमत ही आहे.

मग त्याला ‘दोषशोधक’ म्हणायचं का, असा वाद इथे सुरू होईल. मी म्हणते, डिबगरच राहू दे. टेबल, बस, पेन राहिलेच की. मराठीपण नावात शोधण्यापेक्षा समजावून सांगण्यात दाखवू. ‘उतरंड’सारखा शब्द आपणहून फिट बसतो तिथे तो वापरू, बसत नाही तिथे ओढूनताणून घडवायला नको.

शेवटी मागण्या, कारण नुसतं मत मांडून भागत नाही. विभागाला विनंती अशी की पहिल्या प्रॅक्टिकलला डिबगरची जुळवणी हाच प्रयोग क्रमांक एक असावा. जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचं छापील आउटपुट चिकटवून घेण्याऐवजी निदान चार प्रोग्रॅमांपुढे तीन ओळी लिहून घ्याव्यात: कुठे थांबवला, काय दिसेल वाटलं होतं, काय दिसलं. या तीन ओळी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून काढणं अवघड आहे, आणि व्हायव्हाला त्याहून चांगला प्रश्न सापडणार नाही.

आणि मंडळाला माझी सूचना: जुळवणीची एक पानी मराठी पत्रिका आपण काढू, वरचे पाच दगड आणि चार बटणं घालून. कन्नड आणि कोकणी बोलणारे मित्र हाताशी आहेत, त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतलं पानही करून घेऊ. पुढच्या जूनमध्ये नवी बॅच लॅबमध्ये शिरेल तेव्हा प्रत्येक मशीनशेजारी ते पान चिकटवलेलं असावं. मजकूर मी लिहून देते. मुद्रितं मात्र दुसऱ्या कुणीतरी तपासा.